पुठ्ठ्याचे सहा स्टँड, एक पावसाळा आणि भंगारवाल्याचा काटा

आमचं कोकणमेव्याचं दुकान महामार्गाला लागून आहे, रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या जरा अलीकडे. शेजारी चहा-वड्याचं हॉटेल. मुंबईची गाडी चहाला थांबते, माणसं पाय मोकळे करतात आणि चहा येईस्तोवर आमच्याकडे डोकावतात. त्या पाच-सात मिनिटांत जे डोळ्यांपुढे असेल तेच खपतं. मागच्या फडताळात कितीही चांगली फणसपोळी असू दे, ती कुणी मागून घेत नाही. त्यामुळे पुढची मांडणी हा आमच्याकडे पोटापाण्याचा विषय. गेल्या अकरा वर्षांत त्यापायी करायचे ते सगळे प्रकार करून झाले. लोखंडी रॅक झाले, प्लायवूडचे कप्पे झाले, सनबोर्डचे कटआउट झाले, थर्माकोलमध्ये कोरलेला ढबू हापूस झाला आणि दर सीझनला नवा फ्लेक्स तर होताच.

या वर्षी पुठ्ठ्याचे स्टँड घेतले. सहा नग. फेब्रुवारीत आले, आता ऑक्टोबर संपत आलाय. म्हणजे आंब्याचा सीझन, अख्खा पावसाळा आणि गणपतीतली चाकरमान्यांची गर्दी, सगळं त्यांनी बघितलं. ओळखीच्या तीन-चार दुकानदारांनी विचारून झालं, "कसे आहेत? टिकतात का? आणि ते पर्यावरणाचं म्हणतात ते खरं काय?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. स्टँड करून देणाऱ्याचं नाव घालत नाही, कारण यात चुका त्याच्या आहेत तशा माझ्याही आहेत.

कल्पना भाच्याची. तो पुण्याला असतो, दिवाळीत आला होता. दुकानामागे लाकडं आणायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "मामी, तुम्ही दुकान पुढे चालवता आणि मागे फ्लेक्सचं गोदाम." खोटं नव्हतं. दर वर्षी भाव बदलतो, आंब्याचा फोटो बदलतो, एखादा नवीन पदार्थ येतो, की जुना फ्लेक्स मागे जातो. आता कोकणात फ्लेक्स कुणी टाकत नाही, हेही सांगायला हवं. तो लाकडांवर जातो, गोठ्यावर जातो, न्हाणीच्या फुटक्या कौलांखाली जातो. आमच्या गोठ्यावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तीन पावसाळे होत्या, गाईने कधी तक्रार केली नाही. पण तीन पावसाळ्यांनंतर उन्हाने त्याच्या चिंध्या होतात. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, असा तो माल. ते दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले असतात की सोडवत बसणं कुणाला परवडत नाही. मग त्या चिंध्या वाऱ्यावर उडतात, ओढ्या-पऱ्ह्यात अडकतात, आणि लावणीच्या वेळी चिखलात हात घातला की पांढरी-निळी पट्टी हाताला लागते. जाळावं तर डोळे चुरचुरतात. पीव्हीसीत क्लोरिन असतं, त्यामुळे त्याचा धूर म्हणजे नुसता धूर नसतो, त्यात ॲसिड असतं.

थर्माकोलचा हापूस तर २०१८ सालीच गेला. त्या वर्षी मार्चमध्ये राज्याची बंदी आली, जूनपासून दंड सुरू झाला आणि गणपतीच्या मखरांबरोबर माझा आंबाही अडगळीत गेला. पुढे १ जुलै २०२२ ला केंद्राची बंदी आली, त्यात शोभेचा थर्माकोल होताच, शिवाय १०० मायक्रॉनच्या आतले पीव्हीसीचे बॅनरही आले. तेव्हापासून मी सनबोर्डवर होते. सनबोर्ड म्हणजे तरी काय, फुगवलेलं पीव्हीसीच.

भाच्याने पुण्याजवळच्या एका खोके बनवणाऱ्याचा नंबर दिला. मोठे कारखाने शंभर-दोनशे नगांखाली हात लावत नाहीत, कारण त्यांना आधी डाय, म्हणजे कापायचा साचा, करावी लागते. हा माणूस कटिंग टेबलावर कापून देतो, म्हणून सहा नगांनाही तयार झाला. साडेचार फूट उंच, दीड फूट रुंद, चार कप्पे आणि वर नाव छापायला कमानीसारखी पाटी. फाइव्ह प्लायचा पुठ्ठा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खोक्याची कड निरखून बघितली तर सपाट कागदांच्या मधे नागमोडी कागद दिसतो. एक नागमोडी थर आणि दोन्ही अंगांना सपाट कागद, तो थ्री प्लाय. दोन नागमोडी आणि तीन सपाट, तो फाइव्ह प्लाय. टीव्ही-फ्रिजची खोकी बघितलीत तर समजेल.

भाव सांगितला तो असा: साधा तपकिरी, एका रंगात छपाई, वर पाण्यातलं वॉर्निश, १,०५० रुपये. आणि पांढरा कागद, चार रंगांत फोटो, वर चकचकीत लॅमिनेशन, १,२५०. मी दोन साधे आणि चार चकचकीत घेतले. सहाचे मिळून ७,१०० आणि भाडं ६००. तुलनेला आधीचा आकडा देते, शेवटचा लोखंडी रॅक मला ३,४०० ला पडला होता. एक रॅक.

माल रातराणीच्या लक्झरीच्या डिकीतून आला. सहा स्टँड, सगळे सपाट, दोन गठ्ठ्यांत बांधलेले, मिळून सत्तावीस किलो. लोखंडी रॅक आणायला कोल्हापूरहून टेम्पो करावा लागला होता आणि त्या टेम्पोत रॅकपेक्षा रॅकच्या आतली हवाच जास्त होती. पर्यावरणाच्या गप्पांत झाडांचं सगळे बोलतात, हे कुणी धरत नाही. पण डिझेल कुणाचं जळतं ते भाड्याच्या पावतीवर लगेच कळतं.

गठ्ठे सोडले तेव्हा मामंजी खुर्चीत बसून बघत होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची उमेदीची वर्षं आंब्याच्या पेट्या भरण्यात गेली. तेव्हा पेटी लाकडी असायची, आत भाताचा पेंढा, वर खिळे. एकेका सीझनला गावातून किती लाकूड त्या पेट्यांच्या रूपाने मुंबईला जायचं आणि तिथे चुलीत जळायचं, याचा हिशेब ते अजून बोटांवर सांगतात. मग पुठ्ठ्याची खोकी आली, डझनाची, दोन डझनाची, भोकं पाडलेली. सुरुवातीला म्हातारी माणसं हसली होती म्हणे, कागदात आंबा पाठवतात म्हणून. आता पुठ्ठ्याची खोकी सर्रास जातात, तरी भाव अजून 'पेटी'चाच निघतो. तर मामंजींना पुठ्ठा नवा नाही. त्यांनी एक कप्पा हातात घेतला, कडेला डोळा लावला, सोंगट्या मोजाव्यात तशी नागमोडी कागदाच्या त्या नळ्यांवरून नखं फिरवली आणि म्हणाले, "हा उभा आहे. हा आडवा का?"

मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "काय आडवं?"

"नळी," ते म्हणाले. "भार यायचा तो नळीच्या टोकावर यायला हवा. बांबू उभा रोवला तर छप्पर धरतो, आडवा टाकला तर वाकतो."

सहा स्टँडमधल्या एकाच्या बाजूच्या दोन फळ्या आडव्या नळीच्या कापल्या गेल्या होत्या. शीट वाचवायला कापणाऱ्याने फिरवून बसवल्या असणार. मी काही लक्ष दिलं नाही. जुळवणी इतकी सोपी होती की तंद्रीच लागली. खाचेत खाच, जिभेत जीभ, गोंद नाही, स्क्रू नाही, चित्रांचा एक कागद सोबत. पहिल्याला वीस मिनिटं लागली, सहाव्याला सहा. कोकम सरबताच्या बाटल्या लावल्या. एक बाटली भरलेली साधारण किलोच्या आसपास, एका कप्प्यात बारा. सगळे सहा ताठ उभे. मी मामंजींकडे जरा विजयाने बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर तो आडव्या नळीचा स्टँड एका अंगाला कलून भिंतीला टेकला होता, गावजेवणानंतर माणूस खांबाला टेकतो तसा. बाजूची फळी गुडघ्यात मुडपली होती. बाटल्या वाचल्या त्या भिंतीमुळे. मामंजी काही बोलले नाहीत, चहा मागितला फक्त.

फोन केला तर पलीकडून ठरलेलं उत्तर: "ओव्हरलोड झालं असेल, मॅडम." मी कडेचे फोटो पाठवले, चांगल्या स्टँडच्या कडेचा आणि पडलेल्याच्या कडेचा, शेजारी शेजारी. संध्याकाळी फोन आला, आवाज मऊ झाला होता. नवीन फळ्या चौथ्या दिवशी आल्या, पैसे लावले नाहीत. यात त्याला पूर्ण मार्क. पण माल हातात आल्यावर आधी कड बघा. उभ्या फळीत नळ्या उभ्या हव्यात. एवढी एक गोष्ट कुणी सांगितली असती तर माझी ती सकाळ वाचली असती. तशी घरात सांगितली होतीच म्हणा.

मार्च ते मे या तीन महिन्यांत स्टँडनी जे काम केलं त्याला तोड नाही. हलके असल्याने सकाळी उन्हाप्रमाणे जागा बदलता येते. रॅक सरकवायला दोन माणसं लागायची आणि फरशीवर चरे पडायचे ते वेगळंच. एप्रिलमध्ये रत्नागिरीला प्रदर्शनात स्टॉल लावला, तेव्हा दोन स्टँड सोडले, सपाट केले, रिक्षाच्या मागे टाकले, तिकडे उभे केले आणि रात्री परत आणले. विक्री किती वाढली याचा आकडा मी देणार नाही, कारण त्याच महिन्यात हॉटेलवाल्याने मिसळ सुरू केली आणि गर्दी तिचीही असू शकते. पण आमसुलाची पाकिटं, जी एरवी कुणी हातात धरत नाही, ती साध्या तपकिरी स्टँडवरून चकचकीतपेक्षा जास्त गेली हे मी रोज बघत होते. एका बाईंनी तर विचारलं, "घरी केलेलं आहे ना हे?" आमसुलं तीच, पाकीट तेच, फक्त खाली तपकिरी पुठ्ठा.

आता पर्यावरणाचं. सोबत आलेल्या पत्रकावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि झाडं वाचवा असलं काहीतरी. असल्या पत्रकांवर माझा विश्वास नाही, म्हणून एप्रिलमध्ये पुण्याला गेले तेव्हा भाच्याला घेऊन थेट त्याच्या शेडवर गेले. माणूस मोकळा निघाला, सगळं दाखवलं. कागदाची रिळं वापीहून येतात, जवळजवळ सगळी रद्दीपासून केलेली. कागद उजेडात धरला की त्यात निळे-काळे कण दिसतात, आधीच्या जन्मातल्या छपाईचे. म्हणजे माझा स्टँड पूर्वी कुठेतरी बिस्किटांचं खोकं, कुठे वर्तमानपत्र होता. हे पाच-सात वेळा होऊ शकतं. दर वेळी लगदा करताना कागदाचे तंतू तुटून आखूड होत जातात आणि शेवटी ते इतके बारीक होतात की धरत नाहीत, म्हणून मधून मधून ताज्या तंतूंची भर घालावीच लागते. झाड वाचतं म्हणजे अजिबात लागत नाही असं नव्हे, पुन्हा पुन्हा लागत नाही. शिवाय रद्दीचा कागद करायलाही पाणी लागतं, वाळवायला बॉयलर पेटवावा लागतो. पत्रकावरच्या हिरव्या पानामागे तो बॉयलर कुठे दिसला नाही.

चिकटवायला काय वापरता म्हणून विचारलं. एका पिंपात खळ होती. अक्षरशः खळ, मक्याच्या पिठाची. आमच्या लहानपणी पतंगाला लावायचो तिचीच थोरली बहीण, जरा रसायनं घातलेली. पेपर नागमोडी होऊन रोलरमधून निघतो, त्याच्या शेंड्यांना खळ लागते आणि गरम पाट्यांवर सपाट कागद बसतो. तिथेच भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की असल्या नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ सालचं, इंग्लंडातलं, आणि ते खोक्यांसाठी नव्हतंच, साहेबांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला होतं. बाटल्या गुंडाळायचं पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कुणाला सुचलं. मला ते बाटल्यांचं जास्त पटलं. माझ्याकडे टोपीवाला कोण येतो?

तिथवर सगळं छान होतं. माझी चूक मला कळली ती सप्टेंबरात, आमच्या भंगारवाल्याकडून.

मधे पावसाळा झाला, तो आधी सांगते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून लागला की मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. पुठ्ठा त्याच जातीचा. हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात गेली की त्याची भार पेलायची ताकद निम्म्यावर येते, आणि जुलैत आमच्याकडे नव्वदच्या खाली दिवस कुठला काढायचा? मी प्रत्येक कप्प्यातल्या बाटल्या बारावरून सहावर आणल्या, जड बाटल्या तळाला आणि वर कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, तळलेले गरे असं हलकं सामान. तरीही दारातला एक चकचकीत स्टँड झडीने गेला. वरून पाणी लागलं तर लॅमिनेशन ते अडवतं, पण कापलेली कड उघडीच असते आणि ती खालून पाणी ओढते, कंदिलाची वात तेल ओढते तशी. आठवड्यात त्याचे पाय पोह्यासारखे झाले. एक साधा स्टँड ऑगस्टमध्ये नुसत्या दमटपणाने वाकला, तो मी वेळीच रिकामा केला. आणि मागच्या भिंतीजवळचा एक चकचकीत वाळवीने खाल्ला. बाहेरून चित्र जसंच्या तसं, आंबा पिवळाधमक, हात लावला तर बोट आत गेलं आणि माती सांडली.

वाळवीचं कोकणात कुणाला नवल नाही, पण हे शहरातला विक्रेता सांगणार नाही, म्हणून मी सांगते. झुरळांचंही तसंच. ती खळ त्यांना आवडते, नळ्यांत अंधार असतो, राहायची-जेवायची दोन्ही सोय. त्यानंतर आम्ही उरलेल्या तीन स्टँडखाली जांभ्या चिऱ्याचे तुकडे ठेवले, भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि आठवड्यातून एकदा मागून झटकायला लागलो. मग काही झालं नाही. हे जूनमध्येच केलं असतं तर कदाचित दोन वाचले असते.

एका गोष्टीत मात्र लॅमिनेशनचं कौतुक करायला हवं. गणपतीच्या आदल्या दिवशी एका मुलाच्या हातून कोकमाच्या आगळाची बाटली फुटली. चकचकीत स्टँड फडक्याने पुसला, संपलं. शेजारच्या साध्या स्टँडवर जांभळा ओघळ उठला तो अजून आहे. मी त्यावर भावाची चिठ्ठी चिकटवली आहे.

तर भंगारवाला. गणपती गेल्यावर तो टेम्पो घेऊन येतो, बाटल्या, पत्रे, रद्दी सगळं नेतो. तीन मेलेले स्टँड मी वाळवून, सपाट करून ठेवले होते, कारण ओला पुठ्ठा तो घेत नाही, म्हणतो, "पाण्याचे पैसे मी देऊ काय?" साधा स्टँड त्याने नीट बघितलाही नाही, सरळ काट्यावर टाकला. साडेचार किलो, नऊ रुपयांनी चाळीस रुपये. मग चकचकीत उचलला. नखाने कोपरा उचकटला आणि हळूच ओढला. कागद फाटला, पण वरची फिल्म फाटली नाही, ती लांबत गेली, च्युइंगगमसारखी, आणि तिच्या पाठीला कागदाचा पातळ पापुद्रा चिकटून आला. तो पापुद्रा त्याने माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हे मिक्समध्ये. तीन रुपये."

"पुठ्ठाच आहे की हा."

"पुठ्ठा आहे, वर प्लास्टिक आहे. मिलवाला मला कापतो, मी तुम्हाला कापतो."

गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून लगदा करतात. कागद विरघळतो, फिल्म विरघळत नाही, ती चोथ्यासारखी वर राहते आणि बाजूला काढून टाकावी लागते, तिच्याबरोबर तिला चिकटलेला कागदही जातो. हे मला तेव्हा भंगारवाल्याने त्याच्या भाषेत सांगितलं आणि नंतर खोकेवाल्याने फोनवर कबूल केलं. वाळवीने खाल्लेला भाग त्याने कोयत्याने तोडून तिथेच टाकला, उरलेलं मोजलं. दोन्ही चकचकीत मिळून आठ किलो, चोवीस रुपये. म्हणजे मी दर नगाला दोनशे रुपये जास्त मोजून चांगला पुठ्ठा बिघडवून घेतला होता. पत्रकातलं हिरवं पान त्या चकचकीत मालावरही छापलेलंच होतं.

त्याला मी मुद्दाम एक जुना सनबोर्डचा कटआउट आणि फ्लेक्सची गुंडाळीही दाखवली. त्याने गुंडाळीला पायाने जरा ढकललं आणि विचारलं, "लाकडं झाकायला नको काय तुम्हाला?"

माझ्यापुरता पर्यावरणाचा हिशेब त्या काट्यावर झाला. आपल्याकडे एखादी वस्तू परत वापरात जाते ती तिचे कुणाला तरी पैसे मिळतात म्हणून, तिच्यावर कसली खूण छापली आहे म्हणून नाही. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, नावातच पहिला शब्द कागद. भाच्याच्या सोसायटीत येणाऱ्या ताई खोकी वेगळी बांधतात आणि चकचकीत भेटवस्तूंचे डबे वेगळे टाकतात, हे त्याने नंतर नीट बघून मला सांगितलं. म्हणजे आमच्या भंगारवाल्याची काही मनमानी नाही.

पुठ्ठा परसात कुजू दिला तरी चालतो, असंही लोक म्हणतात. साधा, छपाई कमी असलेला असेल तर चालतो खरा. मी पोह्यासारख्या झालेल्या पायांतला आतला साधा पुठ्ठा तेवढा फाडून माडाच्या आळ्यात टाकला, वर पालापाचोळा टाकला, महिन्याभरात पत्ता नाही. पण हाच पुठ्ठा शहराच्या कचराडेपोत ढिगाखाली दाबला गेला तर हवा न मिळता कुजतो आणि मिथेन सोडतो. तेव्हा कुजतो एवढ्यावर त्याला चांगलं म्हणू नका, आधी काट्यावर जाऊ द्या.

कुणी म्हणेल, मग लोखंडाने काय घोडं मारलं? लोखंडालाही भंगारवाला पैसे देतो, पुठ्ठ्याच्या दुपटीहून जास्त देतो. बरोबर आहे. जो रॅक एका जागी पंधरा वर्षं उभा राहणार आहे तो लोखंडाचाच घ्या, फक्त खाऱ्या वाऱ्यात दर दोन वर्षांनी रंग द्या. आमचे सहा वर्षांत गंजले ते रंगाचा आळस केला म्हणून. आणि खरं बक्षीस द्यायचं झालं तर आमच्या मागच्या भिंतीतल्या फडताळाला द्यावं लागेल. फणसाचं लाकूड, आजेसासऱ्यांच्या वेळचं, साठ वर्षांत एक बिजागरी बदलली आहे. त्याच्यापुढे माझे सहाही स्टँड पाहुणे. पुठ्ठा घ्यायचा तो जे सीझनला बदलतं त्यासाठी, जे प्रदर्शनाला न्यायचं असतं त्यासाठी, नवीन माल चालतो की नाही हे बघायचं असतं त्यासाठी. जिथे आपण आत्तापर्यंत सनबोर्ड आणि फ्लेक्स लावून वर्षाने फेकत होतो, ती जागा पुठ्ठ्याची. तिथे मी त्याला पाचपैकी चार देईन. एक कापला तो पावसासाठी, आणि त्यात पुठ्ठ्याची चूक नाही, मी जून ते सप्टेंबर दारात लावला ही माझी.

उरलेल्या तिघांपैकी दोन चकचकीत आणि एक साधा. साध्याला तो आगळाचा ओघळ आहे, बाकी ताठ. पुढच्या सीझनसाठी परवा ऑर्डर दिली, आठ नग, सगळे साधे. डिलिव्हरी पंधरा फेब्रुवारी, मे संपला की सोडून माळ्यावर टाकणार. खोकेवाल्याला दोन गोष्टी लिहून पाठवल्या: सगळ्या उभ्या फळ्यांत नळी उभी, आणि पायाला खालून चार बोटं उंचीपर्यंत मेण, बाकी कुठेही काही नाही. ही मेणाची युक्ती मामंजींची. पायाची ती पट्टी वेगळी कापून जोडायची, म्हणजे भंगारात देताना काढून टाकता येईल, हेही त्यांचंच.

खोकेवाल्याचा लगेच फोन आला. "मॅडम, लॅमिनेशन अजिबात नको? बघा हं, रंग उठणार नाही."

म्हटलं, "आमसुलं ठेवायची आहेत हो त्यावर. रंग कुणाचा उठवताय?"